एसआरडी ५.१ : चित्र एकही नाही, पण हात मोकळे

टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या मूळ नियमांचा हा संच (एसआरडी म्हणजे सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट) पीडीएफमध्ये फुकट मिळतो. चारशेच्या वर पानं. सांगलीत स्पायरल करायला दिला तर झेरॉक्सवाला म्हणाला, "एमपीएससीच्या नोट्स का, सर?"

वाचायला रुक्षच आहे. पात्रांचे वर्ग बारा, पण प्रत्येकाचा उपप्रकार एकच: फायटर घेतला की चॅम्पियन, क्लेरिक घेतला की लाइफ. बॅकग्राउंड, म्हणजे पात्राची पूर्वपीठिका, तर सगळ्यांना मिळून एकच: अकोलाइट, देवळातला सेवक. म्हणजे टेबलावरचे चौघेही देवळातले! नवख्यानं यावरून खेळ शिकायला जाऊ नये, डोकं धरून बसेल.

खरा माल परवान्यात आहे. हे नियम इतरांना वापरू देणारा जुना परवाना, ओजीएल (ओपन गेम लायसन्स) १.०ए, गुंडाळायच्या हालचालींवरून जानेवारी २०२३ मध्ये खेळाडू खवळले आणि महिनाअखेरीस विझार्ड्स ऑफ द कोस्ट या खेळाच्या कंपनीनं हा अख्खा संच क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० या खुल्या परवान्याखाली खुला केला. अटी पाळल्या तर हा परवाना कुणाला मागे घेता येत नाही. भाषांतर करा, बदला, विका. श्रेयाची ओळ छापा आणि बदल केलेत हे सांगा, झालं. मी हरिपूरच्या हळदीच्या पेवांत घडणारं साहस मराठीत लिहिलंय: तळाशी गॉब्लिन, वरून कृष्णेचं पाणी चढतंय. गॉब्लिनचे आकडे (ताकद, बचाव वगैरे) संचातून जसेच्या तसे उचलले, कुणाची परवानगी नाही की पत्रव्यवहार नाही. मुखपृष्ठावर त्यांचा लोगो मात्र लावू नका, ट्रेडमार्क या परवान्यात येत नाही.

पाचपैकी चार तारे. २०२५ मधली पुढची आवृत्ती ५.२ ही याच परवान्याखाली आलीय, पण माझी मंडळी ५.१ सोडायला तयार नाहीत.