पिकअपच्या डॅशबोर्डचे दिवे: दुरुस्तीनंतरचे १४ महिने

माझी पिकअप मासळीची. संध्याकाळी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बर्फ घालून क्रेट भरायचे, हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढायचा आणि उजाडायच्या आत कोल्हापूर गाठायचं. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्यांच्या खेपाही असतात. गाडी बहुतेक रात्रीचीच चालते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

गेल्या वर्षी सप्टेंबरात डॅशबोर्डचे दिवे मंद होत गेले आणि एका रात्री घाटातल्या धुक्यात जवळजवळ दिसेनासे झाले. स्पीडचा अंदाज सवयीने येतो. पण भरलेली गाडी चढावर असताना टेंपरेचरचा काटा दिसत नसेल तर जीव टांगणीला लागतो. बाजूला बसलेला पोरगा दर वळणाला मीटरवर मोबाईलचा उजेड मारत होता आणि तोच उजेड काचेवरून माझ्या डोळ्यांत येत होता.

एका गॅरेजमध्ये काहीही न तपासता सांगितलं, मीटरचा अख्खा सेट बदला, साडेसात हजार. मी पैसे काढलेही होते. मग वाटेवरच्या एका जुन्या वायरमनकडे गाडी लावली. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. ते म्हणाले, "मीटर मागवू नको रे. आधी पार्किंग लाईट लाव नि मागे जाऊन बघ."

डॅशबोर्डचे बल्ब बहुतेक गाड्यांत पार्किंग लाईटच्याच लाईनवर असतात. मागचे दिवेही गेले असतील तर फ्यूज नाहीतर स्विच. मागचे लागतात आणि डॅशबोर्डच काळा आहे, तर दोष पुढे: डिमर (डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करायचं चाक), बल्ब किंवा अर्थिंग (करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची जोडणी). काही गाड्यांत डॅशबोर्डला वेगळा फ्यूज असतो, तोही बघावा. लाल १० अँपिअरचा उडाला म्हणून निळा १५ चा बसवणारे खूप आहेत. तसं करू नका, फ्यूज वाचतो आणि वायर जळते.

माझे मागचे दिवे व्यवस्थित होते. डिमरचा कपलर (वायरींचा प्लग) काढून मामांनी दोन्ही वायरी वायरच्याच एका तुकड्याने जोडल्या, काही फरक नाही, म्हणजे दोष डिमरचा नाही. माझ्या डिमरला दोनच वायरी आहेत म्हणून हे चाललं. तीन वायरी असतील तर हा प्रयोग नको, शॉर्ट होऊ शकतो.

मग त्यांनी विचारलं, "इंडिकेटर दिलास की मीटरमध्ये दुसरं काय लुकलुकतं का?" लुकलुकत होतं. शिवाय हेडलाईट लावले की टेंपरेचरचा काटा वर सरकायचा. त्या काट्यापायी मी दोन महिन्यांत कूलंट बदलला, थर्मोस्टॅट बदलला, आणि इंजिन मुळात तापतच नव्हतं. अर्थिंग खराब झालं की करंट परत जायला दुसऱ्या दिव्यांतून वाट काढतो, आणि मग भलतेच दिवे लागतात, काटे खोटं सांगतात.

मामांनी मल्टिमीटरची (व्होल्ट मोजायच्या यंत्राची) काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला धरली, लाल पिन मीटरच्या अर्थ वायरला, आणि दिवे चालू ठेवले. चांगल्या अर्थिंगला इथे ०.१ व्होल्टच्या आसपास यायला हवं. माझ्याकडे ५.२ आले. बॅटरीच्या १२.४ मधून बल्बांना ७ च उरत होते. एवढ्या व्होल्टेजवर साध्या बल्बाचा उजेड जेमतेम पाचवा हिस्सा राहतो.

ती वायर ड्रायव्हरच्या पायाजवळच्या पॅनेलमागे एका स्क्रूने बॉडीला लावलेली होती. बंदरातून ओल्या गमबुटांनी चढायचं, मॅटखाली खारं पाणी मुरायचं, आणि वरून बारा महिने खारी हवा. लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिरवा पडला होता आणि खालचा पत्रा गंजून पापुद्रे सुटले होते. बॅटरीची निगेटिव्ह काढून आम्ही पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, नवा लग, दातेरी वॉशर, घट्ट स्क्रू, आणि सगळं आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन. रीडिंग ०.०४. दिवे असे लागले की मला भरून आलं. मजुरी दोनशे.

मीटर मात्र उघडावाच लागला, कारण पाचांतले दोन बल्ब काळे पडले होते. मी हौसेने पाचही एलईडी बसवले. एक लागेना. तो अर्धा फेरा फिरवून उलटा घातल्यावर लागला, एलईडीला प्लस-मायनस असतं. चार्जिंगच्या लाल दिव्याला मामांनी हात लावू दिला नाही. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बातूनच मिळतो, तिथे एलईडी घातला तर चार्जिंग सुरू न होण्याची भीती असते.

एलईडीबद्दल माझं मत आता बदललंय. पांढरा-निळा उजेड धुक्यात फार टोचतो आणि डिमर कमी केला की ते फडफडतात. पाचव्या महिन्यात चार काढून साधे बल्ब परत घातले, एक घड्याळामागे ठेवलाय. रात्रीच्या गाडीला साधा पिवळा बल्बच बरा.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, गाडी शेडमध्ये उभी. ऑगस्टच्या पहिल्या खेपेला दिवे किंचित मंद वाटले. मोजलं तर ०.३. तोच स्क्रू, व्हॅसलिन धुऊन गेलं होतं आणि कडेने पुन्हा तांबूस चढलं होतं. पुन्हा घासला, आणि या वेळी मीटरपासून स्टिअरिंगच्या वरच्या लोखंडी आडव्या पट्टीपर्यंत एक दुसरी अर्थ वायर टाकली. तिथे पाणी पोचत नाही. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मॅटखाली आता रबराचा तुकडा आहे आणि दर रविवारी मॅट बाहेर वाळत घालतो.

गेल्या आठवड्यात मोजलं, ०.०५. काटा हेडलाईट लावल्यावर हलत नाही. मल्टिमीटर साडेतीनशेचा, साधाच, पण गाडीतच असतो, आणि बंदरावरच्या आणखी दोन पिकअपचं अर्थिंग त्याच्यावरच सापडलं. तिसऱ्या एकाचा फक्त फ्यूजच निघाला. माझ्या डिमरचं चाक मधल्या जागी अजून खरखरतं, तिथे दिवे एक क्षण जाऊन येतात. तो उघडून साफ करायचा राहिलाय.