शाळेत व्हॉलंटियर टॉक ठेवला होता, आमचा अनुभव

आमच्या सातवीसाठी एका ग्रुपकडून अवकाशावर टॉक ठेवला होता, व्हॉलंटियर येऊन बोलतात, आणि खरं सांगते मुलं अक्षरशः गुंग झाली. आलेल्या ताईंनी एकाच्या हातात बास्केटबॉल दिला, ही पृथ्वी, टेनिस बॉल म्हणजे चंद्र, आता सांगा किती लांब उभं राहायचं? सगळे हातभर अंतर दाखवत होते आणि निघालं सात मीटरच्या वर, म्हणजे पृथ्वीएवढे साधारण 30 गोळे ओळीत मांडले तर होईल तेवढं! टेनिस बॉलवाली मुलगी मागे सरकत सरकत पार दाराबाहेर गेली, तिचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

खटकलं ते आधीचं प्लॅनिंग. इयत्ता कुठली, प्रोजेक्टर आहे का हे आदल्या रात्री विचारलं, त्यात ठरलेले व्हॉलंटियर ऐनवेळी आलेच नाहीत, नशीब ताई तयार झाल्या. तुम्ही बोलावणार असाल तर प्रश्नांसाठी वेगळी 15 मिनिटं आधीच ठरवून घ्या आणि वर्गशिक्षकांना वर्गातच थांबायला सांगा. आमच्याकडे बेल झाली तेव्हा कितीतरी हात वरच होते, फार वाईट वाटलं. पुढच्या टर्मला परत बोलावतेय, दोन तास सलग मागून घेतलेत.