गुडघ्यासाठी सिमेंट : हाय व्हिस्कॉसिटी की मीडियम?

स्वतःची ऑपरेशनची लिस्ट नुकतीच सुरू केलेल्या एका ज्युनिअर मित्राने परवा विचारलं, "सर, गुडघ्याला हाय घेऊ की मीडियम?" प्रश्न होता गुडघा बदलताना कृत्रिम सांधा हाडावर पक्का बसवणाऱ्या सिमेंटचा : हाय व्हिस्कॉसिटी, म्हणजे जास्त घट्ट, की मीडियम. मी दोन्ही बरीच वर्षं वापरली आहेत. सिमेंटमधलं अँटिबायोटिक आणि किंमत हे मुद्दे त्याचे त्याने पाहावेत. निवड ठरते ती सिमेंट हातात कसं वागतं यावर.

रसायन दोन्हीकडे तेच. साधारण ४० ग्रॅम पावडर, २० मिली लिक्विड. पावडरमधलं बेंझॉईल पेरॉक्साईड आणि लिक्विडमधलं टोल्युइडीन भेटलं की घड्याळ सुरू. फरक आहे तो पावडरच्या कणांत, ते मोनोमर (म्हणजे लिक्विड) किती लवकर शोषून फुगतात त्यात.

मीडियम सुरुवातीला पाकासारखं असतं. स्पॅचुला उचलला की तार सुटते आणि ग्लोव्हला चिकटत राहतं. आमच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) २०-२१ अंशांना तीन-साडेतीन मिनिटं तरी सिस्टर "अजून चिकटतंय सर" म्हणत असतात. हाय दीड-दोन मिनिटांत कणकेसारखं हातात येतं, आणि नंतर घट्ट होत जातं ते सावकाश.

मला खटकतं ते मीडियमचं हे थांबणं. लॅव्हाज करून (पाण्याने धुऊन), पुसून कोरडी केलेली टिबिया, म्हणजे नडगीचं हाड, तेवढ्या वेळात पुन्हा ओलावते. टॉर्निके (रक्त अडवणारा पट्टा) असला तरी मज्जेतली चरबी वर येतेच. शिवाय उशिरा हातात आलेलं सिमेंट कडकही लवकर होतं. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात दिवसाची शेवटची केस होती. पाकीट ओटीबाहेरच्या, एसी नसलेल्या कपाटातून आलं होतं. टिबियाचा कंपोनंट नीट बसला. फीमरचा (मांडीच्या हाडाचा) ठोकताना सिमेंट पुढे सरकेना. कंपोनंट काढला, सिमेंट खरवडलं, नवीन पाकीट फोडलं. पेशंट बरे आहेत, पण ती पंधरा मिनिटं मी विसरलेलो नाही.

दोष उन्हाचा होता, हे मान्य. आयएसओ ५८३३ मानकातली चाचणी २३ अंशांच्या आसपास होते आणि पुण्याच्या मे महिन्यात बंद कपाट त्याच्या कितीतरी वर असतं. गरम पाकिटाने हायसुद्धा घाईच करतं. तरी त्याचा घट्ट होण्याचा चढ सौम्य असल्याने मला अंदाज येतो.

मीडियमची बाजूही खरी आहे. ते ट्रॅबेक्युलर (जाळीदार) हाडात आपणहून शिरतं, हायला बोटाने दाबून घालावं लागतं. खुब्याच्या स्टेमसाठी (मांडीच्या हाडात जाणाऱ्या दांड्यासाठी) सिमेंट भरायची गन वापरत असाल, तर मीडियम नळीतून सहज पुढे जातं. तिथे मीही अजून तेच घेतो.

हायचा खरा धोका वेगळा. ते हातात इतकं आज्ञाधारक असतं की आपण निवांत होतो. उशिरा लावलेलं सिमेंट धातूला नीट धरत नाही, मध्ये चरबी शिरली तर अजूनच नाही. टिबियाची ट्रे (नडगीवर बसणारा धातूचा भाग) सिमेंटपासूनच सुटल्याच्या केसेस हाय व्हिस्कॉसिटी सिमेंटच्या बाबतीत नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून मी थोडं चिकट असतानाच ट्रेच्या खालच्या बाजूला, कीलसकट (खाली हाडात जाणाऱ्या दांड्यासकट), सिमेंट चोपडून घेतो. उरलेलं मग हाडात दाबतो. एवढी सवय लागणार नसेल, तर तुमच्यासाठी मीडियम बरं असेलही.

गुडघ्याला मी हायच मागवतो. पाकिटं आदल्या संध्याकाळीच ओटीत आणून ठेवायला सांगतो. मिक्सिंग सुरू झालं की सिस्टर मोठ्याने मिनिटं मोजतात. ट्रॉलीवर उरलेला सिमेंटचा गोळा कडक झाला म्हणजे आतलं झालंच असणार, कारण हाड ट्रॉलीपेक्षा गरम असतं. तोवर मी गुडघा सरळ धरून ठेवतो, कोणाला हलवू देत नाही.