मेक सोडून निंजावर आलो, पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

मेक आणि निंजा ही सोर्स कोडपासून प्रोग्रॅम बनवणारी, म्हणजे बिल्ड करणारी टूल्स, बदललं असेल तेवढंच परत बनवणारी. आमच्या सी प्लस प्लस प्रोजेक्टची हाताने लिहिलेली जुनी मेकफाईल (मेकसाठीचे नियम) मे महिन्यात काढली, सीमेक (असे नियम आपोआप तयार करणारं टूल) लिहिलं आणि जनरेटर निंजा ठेवला, म्हणजे नियम निंजासाठी तयार होतात. आता चवथ पण झाली, म्हणजे गोव्यातला अख्खा पावसाळा यावर काढलाय, म्हणून लिहितो.

सगळ्यात जास्त फरक पडला तो लाईट गेल्यावर. मी डिचोलीत घरून काम करतो, डेस्कटॉपला यूपीएस नाही, आणि जून-जुलैत बिल्ड चालू असताना लाईट जाणं नेहमीचंच. मेक फक्त फाईल शेवटची बदलल्याची वेळ बघतं. कंपायलर डॉट ओ फाईल (एका सोर्स फाईलचा मशीन कोड) अर्धी लिहून बंद पडला तरी तिची वेळ सोर्सपेक्षा नवी, म्हणून मेकच्या लेखी ती तयार, मग लिंकर (डॉट ओ फाईल्स जोडणारा) फाईल ट्रंकेटेड, म्हणजे अर्धवट, म्हणून अडतो आणि क्लीन मारून (बनलेलं पुसून) सगळं पहिल्यापासून. कंट्रोल सी दाबलं तर मेक अर्धी फाईल स्वतः पुसतं, पण लाईट गेली की तेवढा वेळच मिळत नाही त्याला. निंजा कमांड पूर्ण झाल्यावरच आपल्या लॉगमध्ये नोंद करतं. नोंद नसेल किंवा नोंदीतली वेळ सोर्सपेक्षा जुनी असेल तर डिस्कवरची फाईल कितीही ताजी दिसू दे, ते परत बनवतं. त्याच लॉगमध्ये कमांडचा हॅश (तिच्या मजकुरावरून काढलेला आकडा) पण असतो, म्हणून कंपायलरची ऑप्टिमायझेशनची पातळी ओ टू ची ओ थ्री केली की आपोआप रिबिल्ड. मेक 1976 चं आहे, त्याचा मला आदर आहे, पण मागच्या वेळी काय चालवलं होतं हे ते लक्षातच ठेवत नाही.

मधल्या फाईल्सचंही तसंच. बायसनच्या (पार्सरचा सी कोड तयार करणारं टूल) डॉट वाय पासून डॉट सी आणि तिच्यापासून डॉट ओ, अशी साखळी इम्प्लिसिट रूलने, म्हणजे मेकच्या अंगभूत नियमाने, झाली की मेक मधली डॉट सी शेवटी उडवतं, जीडीबी या डीबगरने पार्सरमध्ये शिरावं तर फाईल गायब. मेकफाईलमध्ये सेकंडरी लिहून थांबवता येतं, पण ते आधी माहीत पाहिजे ना. निंजा काही उडवत नाही. फक्त जीसीसी कंपायलरने काढलेल्या डॉट डी फाईल्स (सोर्स कुठल्या हेडरवर अवलंबून आहे त्याची यादी) वाचून एका डेटाबेसमध्ये टाकतं आणि त्या पुसतं, ते बरंच आहे.

न आवडलेलं म्हणजे निंजा पण वेळच बघतं, मजकूर नाही. गिटमध्ये ब्रांच बदलून परत आलं की मजकूर तोच असून कंपाईल, म्हणून मी सीकॅश (आधी कंपाईल केलेलं साठवून परत वापरणारं टूल) जोडलंय. आणि कोअर असतील त्याहून 2 जॉब जास्त सोडतं, 8 जीबी रॅमवर मशीन अडकतं, तिथे जे 4 (एका वेळी 4 च जॉब) देऊनच चालवा. एखादी फाईल परत का बनतेय कळत नसेल तर निंजाला डी एक्सप्लेन हा पर्याय लावा, कारण सरळ छापून येतं.