४१३० म्हणून घेतलं, ईएन-१९ निघालं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. तीन सीएनसी टर्निंग, एक व्हीएमसी, आठ माणसं. बारा-तेरा वर्षं आम्ही फौंड्रीच्या कास्टिंगवर आणि ट्रॅक्टरच्या पार्टवर काढली. त्या धंद्यात मटेरियल गिऱ्हाईक देतं, आपण फक्त चिप पाडायची. स्टील स्वतः विकत घेणं काय असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. फसलो ते तिथंच.

ऑटोचं काम मंदावलं तेव्हा पुण्याच्या एका गिऱ्हाइकाची ऑर्डर आली. तेलविहिरीच्या तोंडावर जे व्हॉल्व्ह बसतात, त्यातल्या एका गेट व्हॉल्व्हचं छोटं बॉनेट, म्हणजे वरचं झाकण, १८० नग, मटेरियलसकट. ड्रॉइंगवर लिहिलेलं : ४१३० (अलॉय स्टीलचा एक ग्रेड), क्वेंच-टेम्पर (तापवून विझवायचं, मग पुन्हा तापवून थोडं मऊ करायचं), १९७ ते २३७ बीएचएन (हार्डनेसचं माप), नेस एमआर-०१७५ (तेल-वायूच्या सामानासाठीचा नियम). दर बघून मला दोन रात्री झोप आली नाही. आनंदानं.

ती 'नेस'वाली ओळ मी वाचली होती, समजून घेतली ती माल रिजेक्ट झाल्यावर. काही विहिरींतल्या तेला-वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो, तोच सडक्या अंड्याच्या वासाचा. त्या धंद्यातले लोक अशा वायूला 'सावर' म्हणतात, म्हणजे आंबट. मुंबईच्या समुद्रातल्या वसई क्षेत्राचा वायू असाच, म्हणून हजिऱ्याला आणून तो 'गोड' करतात. पाण्याच्या ओलीत हा वायू स्टीलला गंज चढवतो, पण खरं दुखणं गंज नव्हे. त्या क्रियेत हायड्रोजनचे अणू सुटतात. एरवी ते जोडीनं बुडबुडा होऊन निघून गेले असते, सल्फाइड त्यांना जुळू देत नाही, मग ते स्टीलच्या आत शिरतात. मऊ स्टील ते सोसतं. कडक स्टील एक दिवस पेलायच्या ताकदीपेक्षा कमी दाबावरच तडकतं, आधी वाकत नाही की फुगत नाही. म्हणून साध्या आणि लो-अलॉय स्टीलला २२ एचआरसीची कमाल मर्यादा. एचआरसी हे हार्डनेसचंच दुसरं माप, २२ म्हणजे साधारण २३७ बीएचएन. या नियमाची पहिली आवृत्ती १९७५ सालची, नंबरातले ७५ तिथलेच.

आपल्या उद्यमनगरात कुणालाही विचारा, हार्डनेस जास्त म्हणजे माल भारी. इथं नेमकं उलटं.

माल शोधताना कळंबोलीचा एक व्यापारी सापडला. बोलायला गोड. 'कोल्हापूरकर म्हणजे आपलीच माणसं' वगैरे. आधी सॅम्पलसाठी दोन बार घेतले. ते खरंच ४१३० होते. गिऱ्हाइकाकडे सॅम्पल पास झालं आणि माझा विश्वास बसला. पुढच्या सात बारसाठी इतरांचा भाव किलोला १७० च्या आसपास होता, याचा १५२. मला वाटलं, दुसऱ्यांदा घेतोय म्हणून सवलत देतोय. १२० मिमीचा बार, म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२, मीटरला ८९ किलो. पाच मीटरचे सात बार, तीन टनांच्या वर. जीएसटीसह साडेपाच लाख. निम्मे ॲडव्हान्स, निम्मे गाडी भरायच्या आधी.

पैसे द्यायच्या आधी मी स्वतः गोडाऊनला गेलो होतो, आणि सगळं बघून आलो होतो. सर्टिफिकेट बघितलं : मोठ्या मिलचं, हीट नंबर (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या स्टीलचा नंबर), केमिकल, टेन्साइल, इम्पॅक्ट, खाली ३.१ चा शिक्का, म्हणजे माल मिलनं स्वतः तपासून दिल्याचा. बारवर तोच हीट नंबर पंच केलेला. मग त्यानं पीएमआय गन आणवली, धातूत काय काय आहे ते एक्स-रेनं सांगणारी. बारला टेकवली, दोन-तीन सेकंदांत स्क्रीनवर क्रोमियम १.०१, मॉलिब्डेनम ०.२०, वर ग्रेड ४१३०. मी फोटो काढून घेतला. मग त्याच्या पोरानं बारवर रुपयाएवढी जागा ग्राइंडरनं चकचकीत केली आणि हातातल्या हार्डनेस टेस्टरनं आकडे काढून दाखवले : २०८, २१४, २११. वर चहा आणि वडापाव.

आता यातलं काय खोटं होतं ते सांगतो, कारण बहुतेक गोष्टी खऱ्याच होत्या.

गन खरी होती. पण एक्स-रेच्या या गनला कार्बन दिसतच नाही, तो फार हलका. आणि ४१३० आणि ४१४०, म्हणजे आपलं रोजचं ईएन-१९, यांच्यातला मुख्य फरक कार्बनचाच आहे. एकात ०.२८ ते ०.३३, दुसऱ्यात ०.४० च्या आसपास. क्रोमियम-मॉलिब्डेनम दोघांचं जवळपास सारखं. गनसाठी ही दोन जुळी भावंडं. लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. माझ्याच फोटोत खाली मँगेनीज ०.७९ दिसतंय. ४१३० ला ते ०.६० च्या वर नको. ओरडून सांगणारा आकडा माझ्या खिशात होता आणि मी क्रोमियमवर खूश होऊन घरी आलो.

हार्डनेसचे आकडेही खरे होते, फक्त कातडीचे होते. काळ्या बारच्या वरच्या थरातला कार्बन भट्टीत जळून गेलेला असतो, ती साल मऊ लागते. हलकं ग्राइंडिंग करून मोजलं की सालच मोजली जाते. आत काय आहे ते बार कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापून दाखव म्हणायचं मला सुचलं नाही.

आमच्या ऑपरेटरला मात्र पहिल्या दिवशीच कळलं. म्हणाला, "मालक, ह्यो माल येगळाच हाय. आदीच्या दोन बारला इन्सर्टची, म्हंजी कापायच्या टिपची, एक कड दिवस काढायची, हितं दहा नगात जातीया." मी म्हटलं, "अलॉय स्टील आहे, स्पीड कमी कर." चौदा वर्षं लेथवर उभ्या असलेल्या माणसाचं ऐकलं नाही, आणि ज्याला दोनदाच भेटलो होतो त्याच्या कागदावर विसंबलो.

पहिले ४० नग पुण्याला गेले. चौथ्या दिवशी मेल : रिजेक्ट. त्यांनी एक नग मधोमध कापून हार्डनेस घेतला होता, २९ एचआरसी. स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या लॅबच्या यंत्रावर, कार्बन ०.४१. म्हणजे टेम्पर केलेलं साधं ईएन-१९, ऊस कारखान्याच्या पिनेला उत्तम, आंबट वायूच्या विहिरीला चालणार नाही. मी त्यांच्या क्वालिटीच्या साहेबांना फोन करून विनवलं, की पुन्हा टेम्पर करून हार्डनेस खाली आणतो. ते शांतपणे म्हणाले, "हार्डनेस उतरवाल हो, हीट नंबर कुठून आणाल?" फोन ठेवल्यावर मला घाम फुटला. ते नग कुणाच्या नजरेतून सुटून व्हॉल्व्हमध्ये बसले असते तर, हा विचार तोवर माझ्या डोक्यात आलाच नव्हता. तोवर मी फक्त पैशांचा हिशेब करत होतो.

मग जे आधी करायचं ते नंतर केलं. मिलच्या वेबसाइटवरून त्यांच्या क्वालिटी विभागाचा पत्ता काढला आणि सर्टिफिकेट पाठवलं. दोन दिवसांत उत्तर आलं. हीट नंबर त्यांचाच, सर्टिफिकेटही त्यांचंच, पण त्या हीटचा माल ७० मिमीचा होता, १२० चा बार त्यातून निघालाच नव्हता. साइजचा रकाना कुणीतरी बदलून पुन्हा छापला होता. निरखून बघितलं तर त्या '१२०' चा टाइप शेजारच्या आकड्यांपेक्षा किंचित जाड आहे. आता मला तो लांबूनसुद्धा दिसतो.

व्यापाऱ्याला फोन केला. पहिल्यांदा आश्चर्य, मग "बघतो", मग "माल कापल्यावर आमची जबाबदारी नाही, बिलाच्या मागं छापलंय", मग फोन बंद. वकिलाकडे गेलो. त्यांनी बिल मागितलं. बिलावर काय, तर 'अलॉय स्टील राउंड बार, एचएसएन ७२२८'. ग्रेडच नाही. सर्टिफिकेटवर व्यापाऱ्याचा शिक्का नाही, सही नाही. आणि माझी परचेस ऑर्डर? ती नव्हतीच. फोनवर बोललो होतो, व्हॉट्सॲपवर 'सात बार पाठवा, सॅम्पलसारखेच' असं लिहिलं होतं. वकीलसाहेब चष्मा काढून म्हणाले, "त्यानं तुम्हाला ४१३० विकलं असं सांगणारा एक तरी कागद आहे का?" नव्हता. नोटीस पाठवली, पोलिसांत अर्जही दिला. चौदा महिने झाले. उत्तर नाही.

गिऱ्हाईक टिकलं, तेवढी एक गोष्ट बरी. उरलेले नग दुसऱ्या मालात करून दिले, तोट्यात. आता परचेस ऑर्डरवर ग्रेड, हार्डनेस, नेस आणि ३.१ सर्टिफिकेट हे सगळं लिहून, व्यापाऱ्याची सही घेऊन मगच पैसे सोडतो. गाडी आली की प्रत्येक बारच्या टोकापासून आत एक चकती मी स्वतः कापतो आणि आपण निवडलेल्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोला देतो, तिथं कार्बन दिसतो. हार्डनेस त्या कापलेल्या तोंडावर, कडेपासून मधोमधपर्यंत. व्यापाऱ्यानं पाठवलेला तुकडा चालत नाही, तो कुठल्या बारचा ते देव जाणे. मिलला मेल करायला पाच मिनिटं लागतात, पत्ता मात्र सर्टिफिकेटवरचा घेऊ नका, तोही बदललेला असू शकतो. खर्च नगामागे थोडा वाढतो. काही व्यापारी एवढं ऐकून भाव सांगायचंच बंद करतात, तेव्हा मला बरं वाटतं.

सातातले दोन बार कापून वाया गेले. बाकीच्या पाचांतले दोन गेल्या महिन्यात ऊस-ट्रॉलीच्या पिना करणाऱ्या कागलच्या एकाला दिले, निम्म्या भावात. तीन अजून शेडमागे पडून आहेत. बार गाडीत चढवताना त्यानं विचारलं, "सर्टिफिकेट हाय का ह्याचं?"

म्हटलं, "आहे, पण या मालाचं नाही."

त्यानं अजून दोन रुपये कापले.