डर्ट की सर्किट: पुण्यातून रेसर होऊ पाहणाऱ्यांसाठी

पुण्यातल्या मुलाला डांबरी सर्किटवर मोटरसायकल शर्यतीचा सराव करायचा असेल, तर गाडीला किक मारण्याआधी त्याला रेल्वेचे आरक्षण पाहावे लागते. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील सुमारे 3.7 किलोमीटरचा ट्रॅक, कोइम्बतूरजवळचा कारी स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट ही तिन्ही ठिकाणे पुण्यापासून हजार किलोमीटरहून दूर आहेत. याउलट डर्टसाठी, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरील मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉससाठी, इतके दूर जावे लागत नाही. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगच्या पहिल्या हंगामाची पहिली शर्यत जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलातच झाली. हात बसतो तो गाडीवर काढलेल्या तासांनी, त्यामुळे अंतराचा हा मुद्दा मला पैशांपेक्षाही मोठा वाटतो. (ताम्हिणी घाटात गुडघा टेकवण्याला सराव म्हणत नाहीत, तिथे वळणापलीकडून एसटी येते.) एफएमएससीआयचा, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या नियामक संघटनेचा परवाना मात्र दोन्हीकडे लागतो.

पैशांचा हिशेब वरवर दिसतो तसा नाही. सर्किटवरील वन-मेक, म्हणजे सर्वांना एकच मॉडेल असलेल्या शर्यतींमध्ये, उदाहरणार्थ टीव्हीएसच्या स्पर्धेत, निवड फेरीतून पुढे आलेल्या रायडरला शर्यतीसाठी तयार केलेली गाडी कंपनीच देते, त्यामुळे मोठा खर्च उरतो तो चामडी सूट, हेल्मेट, बूट आणि प्रवास यांचा. डर्टमध्ये गाडी बहुधा स्वतःची असते आणि ती माती खाते. प्रत्येक सरावानंतर फोमचा एअर फिल्टर काढून, धुऊन, पूर्ण वाळवून, त्याला बोटांनी चिकट तेल चोळून पुन्हा बसवावा लागतो. तो जरा तिरका बसला तरी बारीक धूळ आत शिरते आणि पिस्टन-रिंगा कामातून जातात. हे काम स्वतः करण्याचा ज्याला कंटाळा आहे, त्याच्या पालकांनी गॅरेजची बिले आधीच गृहीत धरावीत.

कारकिर्दीच्या लांबीतही दोन्ही वाटा वेगळ्या पडतात. सर्किटवरचा इटालियन दिग्गज व्हॅलेंटिनो रॉसीने पहिले जगज्जेतेपद 1997 मध्ये मिळवले, नववे 2009 मध्ये, आणि तो निवृत्त झाला 2021 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी. अमेरिकी सुपरक्रॉसमध्ये 2011 ते 2014 अशी सलग चार विजेतेपदे घेणारा रायन व्हिलोपोटो 26 व्या वर्षी, तर रायन डंगी 2017 मध्ये 27 व्या वर्षी थांबला. उड्यांमागून उड्या घेताना मनगट, गुडघे आणि पाठीचा कणा यांची जी झीज होते, तिची किंमत इतक्या लवकर चुकवावी लागते. म्हणून सर्किट सुरक्षित, असे मात्र कोणी समजू नये. 2020 मध्ये स्पेनमधल्या हेरेझ सर्किटवर हायसाइड होऊन, म्हणजे घसरणाऱ्या मागच्या चाकाला एकाएकी पकड मिळून गाडीवरून उसळून फेकला गेल्याने, मोटोजीपी या सर्किटवरच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेतला स्पॅनिश रायडर मार्क मार्केझ याचा उजवा दंड मोडला. काही दिवसांतच त्याने पुन्हा गाडीवर बसून पाहिले आणि ती घाई महागात पडली. दंडावर एकूण चार शस्त्रक्रिया झाल्या, आणि 2019 नंतरचे जगज्जेतेपद त्याला थेट 2025 मध्ये, डुकाटीवर मिळाले. सहा वर्षे वाट पाहण्याची ऐपत फॅक्टरी रायडरची, म्हणजे कंपनीच्या थेट पगारी रायडरची असते. पुण्यातल्या नवख्या मुलाच्या हाताशी पदवी किंवा नोकरी हवीच.

माझा कौल डर्टला आहे, पण तो कायमचा नव्हे. रॉसीने ताव्हुलिया या आपल्या गावाजवळ सरावासाठी मातीचाच ट्रॅक बांधला आणि मार्केझही मातीवर सराव करतो, कारण मागचे चाक सरकत असताना थ्रॉटल किती उघडायचा हे तिथे कमी वेगात, पुन्हा पुन्हा करून शिकता येते. ज्याला सर्किटवरच जायचे आहे त्याने डर्टमध्ये दोन हंगाम काढून निवड फेरी गाठावी. मात्र वय पंधरा-सोळाच्या पुढे असेल तर दोनाचा एकच करावा, कारण युरोपातली मुले त्या वयापर्यंत कित्येक वर्षे शर्यतीत उतरलेली असतात.

विशी ओलांडल्यावर सुरुवात करणाऱ्याने मोटोजीपीचा विचार सोडून द्यावा आणि डर्टमधून रॅलीकडे, म्हणजे मोकळ्या भूभागावरील लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे पाहावे. केरळचा हारिथ नोआ राष्ट्रीय सुपरक्रॉसमधूनच रॅलीत आला, आणि 2024 च्या डकार या वाळवंटातल्या प्रसिद्ध रॅलीत रॅली-2 या मुख्य गटाखालच्या गटात पहिला आला तेव्हा तो 30 वर्षांचा होता.