मुलाच्या स्क्लेरोडर्माला मलम पुरेल की मेथोट्रेक्सेट लागेल?

मांडीवर किंवा कपाळावर कडक, चकचकीत चट्टा उठतो. आधी नायटा म्हणून मलमं लावली जातात, मग कुणी कोडाची शंका काढतं. बरेच महिने असे गेल्यावर 'मॉर्फिया', म्हणजेच स्थानिक स्क्लेरोडर्मा (कातडी ठरावीक जागी कडक होण्याचा आजार), असं निदान होतं. मग खरा पेच सुरू होतो. एक डॉक्टर म्हणतात, मलम लावून बघू. दुसरे थेट मेथोट्रेक्सेट, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध, लिहून देतात. आईवडिलांनी ऐकायचं कुणाचं?

आधी नावाची भीती बाजूला ठेवू. फुप्फुसं, मूत्रपिंडं निकामी करणारा स्क्लेरोडर्मा वेगळा, आणि मुलांमधला हा स्थानिक प्रकार त्या वाटेला फार क्वचित जातो. मात्र 'कातडीचाच तर आजार आहे' हेही खरं नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या 750 मुलांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे 22 टक्के मुलांना त्वचेबाहेरचा काही ना काही त्रास आढळला. त्यात सांधे सगळ्यात पुढे, त्यानंतर मेंदू-मज्जासंस्था आणि डोळे.

चट्टा किती मोठा आहे यापेक्षा तो कुठे आहे, किती खोल आहे आणि अजून 'जिवंत' आहे का, यावर उपचार ठरतात. पसरणारा, कडा लालसर-जांभळट असलेला, हाताला कोमट लागणारा चट्टा जिवंत समजायचा. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली लपते, म्हणून दर महिन्याला त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवावा.

मलम पुरतं ते पाठीपोटावरच्या एखाद-दुसऱ्या गोल, वरवरच्या चट्ट्याला. टॅक्रोलिमस किंवा कॅल्सिपोट्रिऑल वापरतात. रक्त तपासावं लागत नाही, शाळा बुडत नाही. पण औषध कातडीच्या वरच्या थरांपुरतंच पोचतं. स्टिरॉइडचं मलम महिनोन्‌महिने चोपडत राहिलं तर कातडी त्यानेही पातळ होते, आणि मग आजाराने किती झालं, मलमाने किती, हे कळेनासं होतं.

मलम आणि मेथोट्रेक्सेट यांच्या मधला उपाय म्हणजे प्रकाशोपचार, पेटीत उभं करून अंगावर अतिनील (यूव्ही) किरण सोडणं. त्यातलं नॅरोबँड यूव्हीबी बऱ्याच ठिकाणी मिळतं, पण ते उथळ. यूव्हीए-1 जास्त खोल जातं, पण ती यंत्रं मोजक्याच ठिकाणी. आठवड्याला दोन-तीन खेपा, त्याही काही महिने. चरबी-स्नायूपर्यंत गेलेल्या आजाराला त्याचा उपयोग नाही. अंगभर वरवरचे चट्टे असलेल्या मोठ्या मुलाला ठीक. पाच वर्षांच्या पोराला त्या पेटीत उभं करण्याआधी मी दोनदा विचार करेन.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळतो तो लांब पट्ट्याचा प्रकार. पट्टा हातापायावरून सांध्याला ओलांडत असेल, कपाळ-चेहऱ्यावर असेल, किंवा आजार खोल वा अंगभर असेल, तर माझ्या मते 'आधी मलम, मग बघू' यात वेळ जातो, आणि गेलेली चरबी व वाढ खुंटलेलं हाड औषधाने परत येत नाही. इथे मेथोट्रेक्सेटच हवं. इटलीतल्या 70 मुलांच्या चाचणीत (2011) सर्वांना पहिले तीन महिने तोंडाने स्टिरॉइड दिलं. सोबत काहींना मेथोट्रेक्सेट, काहींना नुसती दिखाऊ गोळी. मेथोट्रेक्सेटच्या गटात आजार सुमारे 33 टक्के मुलांमध्ये उलटला, दुसऱ्या गटात 71 टक्के.

'कॅन्सरचं औषध' म्हणून घाबरायला होतं खरं. पण रक्ताच्या कर्करोगात ते काही वेळा ग्रॅममध्ये देतात. इथे मात्रा शरीराच्या दर चौरस मीटरला आठवड्याला 15 मिलिग्रॅम. म्हणजे 0.8 चौरस मीटरच्या मुलाला 12 मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदाच. धोका मात्रेपेक्षा गफलतीत जास्त आहे. त्रास कमी व्हावा म्हणून सोबत दिल्या जाणाऱ्या फॉलिक अ‍ॅसिडच्या आणि याच्या गोळ्या सारख्याच दिसू शकतात. अदलाबदल होऊन मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, पाकिटावर मार्करने 'फक्त शनिवारी' असं लिहा.

गोळीने मळमळ होत असेल, मूल वार जवळ आला की रडत असेल, तर कातडीखालच्या सुईचं विचारा. बऱ्याच मुलांना ती सोसते. ठरावीक काळाने रक्त आणि यकृताच्या चाचण्या कराव्या लागतात. कांजिण्यांसारख्या जिवंत लसी राहिल्या असतील तर औषध सुरू होण्याआधीच बोलून घ्या. सोबत ठाऊक नसलेले काढे, भस्मं नकोत. यकृत बिघडलं तर दोष कुणाचा तेच कळत नाही.

मेथोट्रेक्सेटचा असर दिसायला दोन-तीन महिने लागतात, तोवर स्टिरॉइड आग विझवतं. रोज तोंडाने घ्यायच्या प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने चेहरा सुजतो, भूक खवळते. सलाइनमधून महिन्याला तीन दिवस देण्याच्या पद्धतीत हे कमी जाणवतं, पण रुग्णालयाच्या खेपा वाढतात. दोन्ही मार्ग मान्य आहेत. घर रुग्णालयापासून किती लांब, हाही निकष धरायला हरकत नाही. मेथोट्रेक्सेट सोसलं नाही किंवा कमी पडलं, तर पुढचं नाव मायकोफिनोलेट, तेही प्रतिकारशक्तीला आवर घालणारंच औषध.

सुरुवातीला आजार शांत झाला की 'आता बंद करू' असा मोह होतो. त्यानंतरही किमान वर्षभर औषध चालू ठेवायचं असतं. तपकिरी डाग उरला म्हणजे औषध फसलं असं नव्हे. चट्टा मऊ झाला का, वाढ थांबली का, ते पाहा.

चेहऱ्या-डोक्यावर पट्टा असेल तर डोळे दुखत नसले, लाल नसले तरी नेत्रतज्ज्ञांकडे ठरावीक काळाने नेलंच पाहिजे, कारण आतली सूज गुपचूप वाढते. फीट आली किंवा डोकं सतत दुखू लागलं तर एमआरआयचं विचारा. पायावर पट्टा असेल तर व्यायामोपचार औषधासोबतच सुरू व्हावा, आणि दोन्ही पायांची लांबी मुलाची उंची वाढायची थांबेपर्यंत मोजत राहावी. चेहऱ्यावरचा खड्डा भरण्यासाठी चरबी टोचण्याचा पर्याय आहे, पण तो आजार पुरता निवल्यानंतरच.